चवरी कोणाच्या खांद्यावर

माकेरिता आत्या सावाई बेटावरून येतेय हे कळलं, तशी आमच्या घरात ज्याने त्याने आपापली आवराआवर केली. तिच्या धाकट्या भावाने, पेसामिनोने, गॅरेज झाडून काढलं, कारण आमचे सगळे मोठे निर्णय गॅरेजमध्येच होतात. त्याच्या बायकोने, आकेनेसेने, नवा टीव्ही झोपायच्या खोलीत नेऊन त्यावर चादर टाकली. आकेनेसेच्या थोरल्या जाऊबाई लोसा, त्यांनी केसांचा लाल रंग धुऊन बघितला, तो काही निघाला नाही. आणि लोसाचे यजमान, पेसामिनोचे थोरले भाऊ तावीता काका शनिवारपासून घसा जपायला म्हणून गप्प बसले. आमच्या मांगेरे उपनगरातल्या कुठल्याही लग्नात, मयतीत, चर्चच्या पायाभरणीत नारळाच्या काथ्याची चवरी खांद्यावर टाकून जे उभे राहतात आणि जेवण गार झाल्याशिवाय बसत नाहीत, ते आमचे काका. घराण्याचे वक्ते. ते दीड दिवस गप्प बसले म्हणजे प्रसंग किती मोठा ते समजा.

प्रसंग पेसामिनोच्या मुलीचा, फेतूचा होता, आणि तिने काहीच आवरलं नव्हतं. मेडिकल कॉलेजमध्ये आम्हा बेटांवरून आलेल्या लोकांच्या मुलांसाठी ज्या राखीव जागा असतात, त्यांतल्या एकीसाठी बुधवारी तिची मुलाखत होती. दुसरी मुलाखत. या जागांसाठी दोनदाच बसता येतं, तिसऱ्यांदा कोणी दारात उभं करत नाही. मार्क तिला भरपूर होते. प्रवेशाची अवघड सामायिक परीक्षाही तिने चांगली दिली होती. घोडं अडलं होतं ते मुलाखतीत. गेल्या वर्षी ती एकटीच गेली होती. "तुझ्यात चांगलं काय आहे?" असं विचारल्यावर जमिनीकडे बघत म्हणाली होती, "माझ्यापेक्षा माझा चुलतभाऊ फिलिपो कितीतरी चांगला आहे." तिने फिलिपोचे इतके गुण सांगितले, की त्या लोकांनी फिलिपोचाच पत्ता मागायचा बाकी ठेवला. फिलिपो टायरच्या दुकानात आहे आणि तिथे खूश आहे.

यात तिचं काय चुकलं, हे आमच्या घरात आजही कोणाला नीट समजलेलं नाही. मोठ्यांसमोर पोराने स्वतःची फुशारकी मारायची नाही, हे तर आम्ही दूध सुटायच्या आत शिकवतो.

या वर्षी कॉलेजनेच कळवलं होतं की घरच्यांना सोबत आणा.

रविवारी चर्च आटोपलं. मागच्या अंगणातल्या दगडांच्या भट्टीतून डुक्कर निघालं, अळूच्या पानांत बांधलेलं नारळाचं दूध निघालं, सगळे जेवले. माकेरिता आत्या चटईवर मधोमध बसली, तिच्या पुढ्यात डुकराचा कान. बाकी सगळे अनवाणी. तावीता काका मात्र लुंगीखाली काळे बूट आणि काळे मोजे घालून. गॅरेजमध्ये, उन्हाळ्यात. त्या मोज्यांबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही. आत्याने एकदा त्या बुटांकडे बघितलं, काकांनी पाय लुंगीखाली ओढून घेतले.

"तर मग," पेसामिनो म्हणाला, "बुधवारची तालीम करून टाकू. दादा, तू मोठा डॉक्टर हो. लोसा वहिनी, तुम्ही दुसऱ्या डॉक्टर. मी फेतूचा बाप."

"तू आहेसच तिचा बाप," आकेनेसे म्हणाली.

"मग तालीम सोपीच आहे."

प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या मांडल्या. फेतू समोर बसली, हात मांडीवर, नजर सिमेंटवर सांडलेल्या जुन्या तेलाच्या डागावर. मुलगी उंच, आईसारखी रुंद कपाळाची, आणि बसली की निम्मी होणारी.

"मुली," काकांनी दीड दिवसाचा साठवलेला आवाज काढला, "तुला डॉक्टर का व्हायचं आहे?"

फेतूने तोंड उघडलं.

"थांब. आधी पाहुण्यांचा मान. या सभेला जमलेल्या थोरांना, ज्यांच्या आजोबांनी समुद्र ओलांडला..."

"अहो, पण डॉक्टर तर तुम्ही आहात ना आत्ता?" लोसा म्हणाली.

"मग काय झालं? डॉक्टरला रीतभात नसते?"

समुद्र ओलांडून, दोन वादळं आणि एक मिशनरी मागे टाकून काका परत गॅरेजमध्ये आले, तोवर फिलिपोने दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. मग त्यांनी पेसामिनोकडे वळून विचारलं, "मुलीच्या वडलांना काही सांगायचं आहे का?"

पेसामिनो उठून उभा राहिला. विमानतळावर दिवसभर लोकांच्या बॅगा उचलणारा गडी, पण चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की मान खाली जाते. "आमची मुलगी साधीच आहे," तो म्हणाला. "हिला फारसं काही येत नाही. तुमच्या मोठ्या कॉलेजच्या लायकीची नाही. पण घरात होती तीच घेऊन आलोय, गोड मानून घ्या."

"अहो!" आकेनेसेच्या हातातला चमचा खाली पडला. "ती मुलगी आहे तुमची, अळूचा पाला नव्हे पाहुण्यांना वाढायचा!"

"मग काय बोलू? माझी मुलगी सगळ्यांत हुशार आहे असं सांगू? लाज वाटत नाही का माणसाला?"

"नाही वाटायची! बुधवारी एक दिवस नाही वाटायची!"

"हे बघ आकेनेसे," लोसा काकू मध्ये पडली, "म्हणूनच बोलायचं काम ज्याचं त्यानं करावं. यांना बोलू दे. यांचं भाषण ऐकून पंतप्रधानांचा माणूस रडला होता."

"त्याला शिंका येत होत्या, जाऊबाई. मी शेजारी होते."

आत्याने डुकराच्या कानाचा शेवटचा कुरकुरीत तुकडा चावून संपवला, बोटं पुसली आणि विचारलं, "फेतू, आपला फिलिपो कसा आहे गं?"

फेतूने मान वर केली. "फिलिपो ना, आत्या? तो फार चांगला आहे. गाडी दुकानाच्या वळणावर आली ना, की नुसत्या आवाजावरून त्याला कळतं कुठलं टायर गेलंय. आणि म्हाताऱ्या बायकांकडून हवा भरायचे पैसेच घेत नाही. मालक ओरडला तर म्हणतो, हवा काय तुमच्या बापाची आहे का? आणि चर्चमध्ये..."

"बरं. आणि तू कशी आहेस?"

फेतू परत तेलाच्या डागाकडे बघायला लागली.

"हं," आत्या म्हणाली. "ही पास व्हायची नाही."

गॅरेजमध्ये एकच कालवा झाला. आत्याच्या तोंडावर उलट कोण बोलणार, म्हणून सगळे एकमेकांवर ओरडले. लोसा म्हणाली, आकेनेसेने पोरीला नको तितकं धाकात ठेवलं. आकेनेसे म्हणाली, धाक कोणाच्या भाषणांचा आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पेसामिनो म्हणाला, कोको घेणार का कोणी. शेवटी आकेनेसेने खरी अडचण सांगितली. तिने कॉलेजात फोन करून विचारलं होतं. घरचे कितीही येऊ देत, मुलाखतीच्या खोलीत दोघंच.

"दोघंच?" काका खिन्न झाले. "आमच्या घराण्याला दोघंच?" मग त्यांनी चवरी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली. "ठीक आहे. एक मी. आता एकाचंच ठरवायचं."

"दुसरी मी," आकेनेसे म्हणाली. "आई आहे मी तिची."

पेसामिनोने मान डोलावली. आपल्याला आत जावं लागणार नाही म्हणून त्याला इतकं बरं वाटलं, की तो कोको करायला स्वतः उठला.

स्वयंपाकघरात आकेनेसे भांडी घासत होती आणि मनातल्या मनात बुधवार बघत होती. काका उभे राहतील. समुद्र ओलांडतील. अर्ध्या तासाची मुलाखत, त्यातली वीस मिनिटं वादळातच जातील. थोरल्या दिराला भर सभेत गप्प बसा म्हणायचं आकेनेसेच्या तोंडाला जमणार नव्हतं. तिच्या नवऱ्याला तर ते त्याहून जमणार नव्हतं. जमणारं एकच माणूस या घरात होतं, आणि नेमकं त्या माणसाशी आकेनेसेचं लग्नाच्या दिवसापासून पटलेलं नव्हतं. लग्नाच्या जेवणात आत्या म्हणाली होती, सुनेच्या हातचा कोको पातळ आहे. तेव्हापासून आकेनेसे कोको इतका दाट करायची, की त्यात चमचा उभा राहायचा. आत्याने त्याबद्दल एकदाही चकार शब्द काढला नव्हता.

"फडकं कुठंय?" मागून आत्याचा आवाज आला.

"राहू द्या, वन्सं. तुम्ही पाहुण्या."

"पाहुणी कशानं? माझ्या भावाचं घर आहे." आत्याने फडकं शोधून एक घासलेलं पातेलं पुसायला घेतलं. "रागावलीस माझ्यावर."

"नाही."

"खोटं बोलू नकोस. पातेल्याची कल्हई निघायची अशा घासण्यानं."

आकेनेसेने पातेलं खाली ठेवलं. "पोरीच्या तोंडावर बोललात, पास व्हायची नाही म्हणून. ती वर्षभर पहाटे उठून अभ्यास करतेय. तिला यातलं सगळं येतं, वन्सं. एक स्वतःबद्दल सांगता येत नाही. आणि जे सांगायला पाहिजे ते तर ती जन्मात सांगायची नाही."

"काय सांगायला पाहिजे?"

"तिला डॉक्टर का व्हायचंय ते. भावोजींच्या मोज्यापायी."

"कुठला मोजा?"

आकेनेसेला आपली चूक कळली. सावाईला काय कळवायचं आणि काय नाही, हे तावीता काकांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. ताईला कळता कामा नये. ताईपुढे मी धडधाकट. पण आत्या फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि आमच्या घरात तिने विचारल्यावर उत्तर न देणारा माणूस अजून जन्मायचा होता.

"भावोजींना साखरेचा आजार आहे," आकेनेसे हळू म्हणाली. "उजव्या पायाचं एक बोट काढलंय. पाय जायचा होता खरं तर. फेतूनं वाचवला. ती तेव्हा शाळेत होती, दवाखान्यात त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून जायची. डॉक्टर विचारायचा, पाय कसा आहे, आणि भावोजी..."

"भाषण करायचे."

"भाषण करायचे. शेवटी एक दिवस पोरीनं डॉक्टरसमोर खाली बसून त्यांचा मोजा ओढून काढला. काकाचा. सगळ्यांदेखत. त्यानंतर नाताळापर्यंत भावोजी तिच्याशी बोलले नाहीत. तिला वाटतं, ते सांगणं म्हणजे परत मोजा काढण्यासारखंच."

आत्या बराच वेळ एकच पातेलं पुसत राहिली. ते केव्हाच कोरडं झालं होतं. तावीता तिच्या पाठचा भाऊ. लहानपणी माशाचा काटा पायात गेला तर बेटभर ऐकू जाईल असा रडायचा आणि तिच्याच पाठीवर बसून घरी यायचा. त्याच्या पायाचं बोट गेलं आणि तिला सांगितलं नाही. आत्याला राग आला, आणि त्या रागाखाली फार वाईट वाटलं.

"वन्सं," आकेनेसे म्हणाली, "बुधवारी माझ्या जागी तुम्ही आत जा."

"आई तू आहेस."

"आई मी आहे. पण भावोजींना मी थांबवू शकत नाही. तुम्ही शकता."

आत्याने पातेलं पालथं घातलं. "ठीक आहे," ती म्हणाली. आणि दाराशी गेल्यावर मागे वळून म्हणाली, "कोको जरा पातळ कर गं. दातांत अडकतो."

बुधवारी चर्चची व्हॅन फिलिपोने चालवली. काकांचा पांढरा सदरा, टाय, काळी लुंगी, बूट, मोजे, चवरी. आत्याचा फुलाफुलांचा लांब झगा. पेसामिनोच्या मांडीवर डुकराच्या मांसाची मोठी परात, कारण रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जायचं नसतं.

"ते लाच समजतील," आकेनेसे म्हणाली.

"त्यांना कोण देतंय? बाहेर बसलेल्यांना."

बाहेर बसलेल्यांनीही हाच विचार केलेला होता. कॉलेजच्या त्या व्हरांड्यात टोंगाच्या एका घराने रताळी आणली होती, नियुए बेटावरच्या आजीबाईंनी केळ्यांची खीर, फिजीच्या मंडळींनी मासा. कॉलेजची नोकरदार पोरगी हातात यादी घेऊन उभी होती. तिला तीन प्लेटा एकदम मिळाल्या आणि यादी कुठे ठेवावी ते समजेना. पेसामिनोला इतकं घरच्यासारखं वाटलं, की तो लेकीची मुलाखत घटकाभर विसरूनच गेला.

आकेनेसे विसरली नव्हती. तिने फेतूच्या कानामागे फूल खोचलं, काढलं, परत खोचलं.

"आई, तू येणार नाहीस आत?"

"आत्या आहेत."

फेतूचा चेहरा पडला. तिला आत्याची भीती वाटायची, काकांची लाज वाटायची, आणि आज दोघंही शेजारी बसणार होती. यापेक्षा एकटीने नापास होणं बरं, असं तिच्या मनात आलं.

खोलीत टेबलापलीकडे तिघं होती. मधोमध फिफिता नावाच्या टोंगन डॉक्टरीणबाई, उजवीकडे चष्मा कपाळावर चढवलेला म्हातारा गोरा डॉक्टर, डावीकडे एक माओरी शिक्षिका. नमस्कार झाले, बसा म्हणून झालं. फिफिताबाई हसून म्हणाल्या, "फेतूबरोबर आलेल्या वडीलधाऱ्यांना सुरुवातीला काही बोलायचं असेल तर..."

हे वाक्य त्यांनी संपवायच्या आत तावीता काका उभे होते.

काय बोलले म्हणता! टेबलापलीकडच्या तिघांच्या पूर्वजांना वंदन केलं. कॉलेजच्या मागच्या टेकडीला वंदन केलं, बंदराला केलं. समुद्र ओलांडायला घेतला. फिफिताबाई टोंगन, म्हणजे वडीलधाऱ्याचं बोलणं मधेच तोडणं त्यांच्याही रक्तात नव्हतं. त्या पेन घट्ट धरून मान डोलावत राहिल्या. गोऱ्या डॉक्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. काका आता पहिल्या वादळापाशी आले होते. फेतूने डोळे मिटून घेतले.

"तावी," आत्या म्हणाली.

एवढंच. आवाजही चढवला नाही. पण आमच्याकडे भाऊ कितीही मोठा वक्ता झाला, केस पांढरे झाले, तरी बहिणीने नावाने हाक मारली की संपलं. काका वाक्याच्या मधोमध थांबले. होडी लाटेवरच राहिली.

"बस."

काका बसले.

"चवरी दे."

"ताई?"

"दे म्हटलं ना."

काकांनी खांद्यावरची चवरी उतरवली. त्यांच्या वडलांची होती ती, तिला आजवर दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. आत्याने ती घेतली, झटकली, आणि फेतूच्या खांद्यावर ठेवली. मग ती टेबलाकडे वळली.

"माफ करा. आमच्या घराचे वक्ते आज बदलले. आता घराच्या वतीनं ही बोलेल." आणि फेतूला म्हणाली, "आपल्या घरात पेसामिनोची एक मुलगी आहे. तिला यांच्या कॉलेजात यायचंय. ती कशी आहे, यांना सांग. फिलिपोचं सांगतेस तसं. खोटं सांगायचं नाही, आणि कमीही सांगायचं नाही. घराची अब्रू आहे."

फेतूने खांद्यावरच्या काथ्याला हात लावला. तो खरखरीत होता आणि त्याला काकांच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता. स्वतःची फुशारकी मारायची नाही हे खरं. पण चवरी खांद्यावर असताना घरच्या माणसाबद्दल हातचं राखून बोलायचं, हे तर त्याहून मोठं पाप.

"आमच्या घरात एक मुलगी आहे," ती म्हणाली. पहिलं वाक्य जेमतेम टेबलापर्यंत पोचलं. "ती तशी... ती हुशार आहे. वर्गात पहिली यायची, घरी सांगायची नाही. रक्ताला भीत नाही. हट्टी आहे. तिच्या हातून मुलं औषध घेतात, आईच्या हातून घेत नाहीत."

"आणि तिला डॉक्टर का व्हायचंय?" शिक्षिकेने विचारलं.

"ती शाळेत होती तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांबरोबर दवाखान्यात जायची, इंग्रजी बोलायला. त्यांतले एक जण... ते फार मानाचे. डॉक्टर त्यांना विचारायचे, पाय कसा आहे? ते म्हणायचे, देवाच्या कृपेने सगळं उत्तम, आपले आईवडील कसे आहेत? ती मुलगी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगायची. डॉक्टर लिहायचे, उत्तम. असं बरेच महिने चाललं. पण घरी त्यांच्या खोलीत वास यायला लागला होता. तिला माहीत होतं वास कशाचा आहे. मग एक दिवस तिने..."

फेतू थांबली. शेजारच्या खुर्चीत काका होते, पलीकडे आत्या. तिने चवरीचा गोंडा मुठीत आवळला. टेबलापलीकडे पेनं थांबली.

भाषणात कुठे थांबायचं आणि कुठे पुढे जायचं, हे तावीता काकांइतकं कोणाला कळत नव्हतं. पोरगी थांबली होती ती जागा थांबायची नव्हती. इथे थांबली तर बुडाली. आणि ती त्यांच्यासाठी थांबली होती. नाताळापर्यंत ज्या पोरीशी ते बोलले नव्हते, ती अजून त्यांची लाज सांभाळत होती. काकांनी बहिणीकडे बघितलं नाही, बघायची हिंमतच झाली नाही. ते खाली वाकले, बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला, आणि उजवा पाय सगळ्यांना दिसेल असा पुढे केला. चार बोटं.

"पाय माझा आहे," ते म्हणाले. आयुष्यातलं त्यांचं सर्वांत छोटं भाषण. "सांग पुढचं."

त्या मुलीने डॉक्टरसमोर खाली बसून त्यांचा मोजा ओढून काढला, फेतूने सांगितलं, आणि मग ते नाताळापर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. गोऱ्या डॉक्टरने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि टेबलावरून पुढे झुकला. "जखम छान भरली आहे. आता साखर कशी आहे तुमची?"

"देवाच्या कृपेने उत्तम," काका म्हणाले.

"उत्तम नाही!" फेतू एकदम वळली. "काल रात्री केळ्याच्या पुडिंगचे दोन तुकडे खाल्लेत यांनी, काकूच्या पाठीमागे. आणि सकाळची गोळी व्हॅनमध्ये माझ्यासमोर घ्यायची ठरली होती, ती अजून खिशात आहे. काका, काढा ती गोळी. आत्ता."

काकांनी खिशातून गोळी काढली. माओरी शिक्षिकेने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ती तोंडावर हात धरून हसत होती.

फिफिताबाई हसल्या नाहीत. त्यांनी फेतूकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुमच्या घरातली ती मुलगी. तिने मोजा काढला, घरातल्या सगळ्यांत मानाच्या माणसाला दुखावलं. तिला पुन्हा तसं करावं लागलं तर करेल ती? आम्हाला ते तिच्याच तोंडून ऐकायचं आहे. आली आहे का ती आज?"

फेतूने खांद्यावरची चवरी उतरवली. दोन्ही हातांनी ती काकांच्या मांडीवर ठेवली, जशी द्यायची असते तशी, मान लववून. मग ती सरळ बसली. सरळ बसल्यावर ती केवढी उंच आहे, हे काकांना पहिल्यांदाच दिसलं.

"आली आहे," ती म्हणाली. "विचारा तिला."

आणि त्यांनी विचारलं. फेतूने टेबलापलीकडच्या तिघांच्या डोळ्यांत बघत उत्तर दिलं, मग पुढच्या प्रश्नाचं दिलं. मोजा काढताना आपले हात कसे थरथरत होते तेही सांगितलं, आणि पुन्हा काढीन तेही सांगितलं. बाहेरून त्या यादीवाल्या पोरीने वेळ झाली म्हणून दार वाजवलं, तेव्हा फिफिताबाईंनी तिला हातानेच थांबवलं.

काका उघडा पाय तसाच पुढे धरून बसले होते. तो मागे घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी ते शिंकेमुळे नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी चोरून बहिणीकडे बघितलं.

"ताई," ते कुजबुजले, "तुला सांगणारच होतो मी."

"ठाऊक आहे मला," आत्या समोर बघत तितक्याच हळू म्हणाली. "घाल तो मोजा. पाय गार पडेल."

काकांनी मोजा हातात घेतला आणि पुढे काही बोलायला तोंड उघडलं.

"आणि गप्प बस," आत्या म्हणाली. "पोरगी बोलतेय."